वर्षाला अर्धं बाळ

जन्मविकृती गणना कक्षात त्या दिवशी सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. पंखा फिरत होता, चहा येऊन गेला होता आणि कक्षप्रमुख टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या तक्त्याकडे समाधानाने पाहत होते. त्यांना पाठीमागे सगळे सरासरीसाहेब म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आनंदच झाला असता.

अशा सुरळीत वेळी एक रंगारी आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आत आला. त्याला परवाच मुलगी झाली होती. मुलगी वजनाने छान, आवाज खणखणीत. फक्त तिच्या पोटाची भिंत खालच्या बाजूला जुळलीच नव्हती आणि मूत्राशय आत असायचं ते उघडं बाहेर आलं होतं. रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी त्यावर पातळ, स्वच्छ प्लास्टिकचा पापुद्रा घातला होता आणि रंगाऱ्याला बजावलं होतं, "हाडं मऊ आहेत तोवर शिवून घेऊ. याच आठवड्यात व्हायला हवं. पण असल्या ऑपरेशनला दुर्मीळतेचा दाखला लागतो. तेवढा घेऊन या."

तेवढा घ्यायला ही भावंडं आली होती.

"हा विकार पन्नास हजारांत एकाला होतो," सरासरीसाहेब म्हणाले. "आपल्या विभागात वर्षाला जन्म पंचवीस हजार. म्हणजे आपल्या वाट्याला किती?"

रंगारी नखातला वाळका रंग खरवडत राहिला. बाळाची आत्या म्हणाली, "अर्धं."

"बरोबर. वर्षाला अर्धं बाळ. गेल्या वर्षी एकही झालं नाही, म्हणून मागची शिल्लक धरून यंदा एक अख्खं बाळ बसत होतं. ते टपालवाल्याच्या घरी झालं. तुमची मुलगी जादा आहे."

"जादा म्हणजे काय साहेब?"

"म्हणजे आहे, पण बसत नाही. शिवाय हा विकार मुलग्यांत जास्त आढळतो. तुम्हाला झाली मुलगी. तिथेही तुम्ही सहकार्य केलेलं नाही."

"भावजयीला सांगते हो," आत्या म्हणाली, "पुढच्या खेपेला तुम्हाला विचारून बाळंत व्हायला."

साहेबांनी ही सूचना उतरवून घेतली. मग त्यांनी आवाज मृदू केला. वरच्या मर्यादेपेक्षा एक जरी बाळ नोंदलं गेलं, तरी विकार दुर्मीळ राहत नाही. दुर्मीळ नाही म्हटल्यावर दाखले रद्द. टपालवाल्याच्या मुलाचं दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, त्याचाही दाखला जाणार. "एका बापाने दुसऱ्या बापाच्या लेकराच्या मुळावर यावं, हे तुम्हाला शोभेल का?" असं त्यांनी विचारलं. रंगाऱ्याचे डोळे भरून आले. आपण काही गुन्हा केला आहे असं त्याला खरोखरच वाटू लागलं.

"मग मी करू काय?"

"बाळं कमी करता येत नाहीत, ते अमानुष होईल. तेव्हा भाजक वाढवायचा. वर्षअखेरपर्यंत विभागात आणखी पन्नास हजार बाळं जन्माला आली, की तुमची आपोआप बसते."

"पन्नास हजार? साहेब, आमच्याच्यानं एक व्हायला नऊ वर्षं लागली."

"सगळी तुम्हीच करा असं कुठे म्हणतोय? लोकसहभाग म्हणून काही असतो की नाही?"

तरीही माणुसकी म्हणून साहेबांनी शेजारच्या विभागाला फोन लावला. तिकडे तीन वर्षांत असं बाळच झालं नव्हतं. दीड बाळाचा अनुशेष पडला होता आणि तिथले प्रमुख वरिष्ठांची बोलणी खाऊन रडकुंडीला आले होते. "द्या की, द्या," ते म्हणाले. "आम्हाला तर हवंच आहे. फक्त जन्म आमच्या हद्दीत झालेला पाहिजे."

"तो इकडे होऊन गेला."

"मग इकडे येऊन पुन्हा एकदा होईल का, तेवढं विचारून बघा."

आत्या भावाला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. पण ही बाब वरच्या कार्यालयाच्या कानी पडली होती, आणि विकाराने मर्यादा ओलांडली की नियमात त्याला साथ म्हणतात. दुसऱ्या दिवशी साथनियंत्रण पथक रंगाऱ्याच्या गल्लीत हजर झालं. त्यांनी गटारांत पावडर टाकली, नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि कोपऱ्यावर 'मूत्राशय झाकून ठेवा' असा फलक लावला. समोरचे काका दिवसभर बेंबीखाली हात धरून हिंडू लागले. बाळ बघायला येते म्हणालेली शेजारीण दारातूनच म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही हो." सांगून सांगून थकले तरी हा विकार लागत नाही हे कुणाला पटेना. आठवडा सरत आला होता आणि पापुद्र्याखालची जागा लाल दिसू लागली होती.

शेवटी आत्या सर्जनबाईंच्या खोलीत शिरली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली. "दाखला न लागणारं काय असतं तुमच्याकडे?"

सर्जनबाईंनी चष्मा काढून पुसला. "हर्निया. तो कुणालाही होतो, त्यामुळे त्याची कुणाला काही पडलेली नसते."

"मग हर्नियाच झालाय आमच्या पोरीला. चांगला मोठा झालाय."

सर्जनबाईंनी कागदावर हर्निया लिहिलं आणि सकाळपासून दुपार कलेपर्यंत उभं राहून त्या बाळाचं पोट शिवलं. मुलगी वाचली. रंगारी बाकावर बसून लहान पोरासारखा रडला.

हा तोडगा षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. पुढे अशी जी बाळं आली, ती सगळी हर्नियात गेली. आणखी दोन वर्षांनी निघालेल्या चार वर्षांच्या अहवालात विकाराचं प्रमाण लाखात एकावर घसरलं, सरासरीसाहेबांना बढती मिळाली, आणि रुग्णच नाहीत म्हणून सर्जनबाईंची जागा रद्द झाली. आता ते ऑपरेशन येणारं माणूस विभागात कुणी नाही.

सरासरीसाहेब तसे दुष्ट नव्हेत. लाखात एक म्हटल्यावर त्यांना हायसं वाटतं, इतकंच. तुम्हालाही 'पन्नास हजारांत एक' वाचताना तसंच हायसं वाटलं होतं. फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो, तुम्ही फुकट करता.