शैलेश शेजारी बसल्यास वैध

कुवेतमधल्या सालमियाच्या देवदत्त पाध्येला अखेर गाडीचा विमा मिळाला. विम्यासोबत ‘अतिधोकादायक चालक’ असं ठळक अक्षरांत छापलेलं प्रमाणपत्रही मिळालं, शिक्क्यासकट, लॅमिनेट करून.

पण ते जाऊ द्या. असं काही झालेलंच नाही. देवदत्तच्या घरी हा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो. आणि शुऐबाच्या ज्या प्लँटमध्ये देवदत्त सेफ्टी ऑफिसर आहे, जिथे तो दर रविवारी कामगारांना ‘घाई हाच खरा शत्रू’ या विषयावर भाषण देतो, तिथे तर असलं काही घडणं शक्यच नाही. तेव्हा आपणही ते प्रमाणपत्र पाहिलं नाही असं धरून चालू.

सुरुवात शैलेशपासून करावी लागेल, कारण देवदत्तची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात. शैलेश त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. लग्न व्हायचंय. देवदत्तची बायको संपदा ज्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिथेच तो डायलिसिस टेक्निशियन आहे. स्वभावाने चांगला, आणि हीच मुख्य तक्रार. माणूस वाईट असला की त्याच्यावर जळणं सोपं जातं. चांगला असला की सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. त्यात शैलेशने मोठी पांढरी गाडी घेतली. इतकी उंच, की चढायला पायरी. देवदत्तच्या गाडीत चढावं लागत नाही, उतरावं लागतं.

त्या शुक्रवारी दोन्ही गाड्या वाफ्राच्या शेतांवर भाजी आणायला गेल्या होत्या. परतताना फहाहीलच्या हायवेवर शैलेशने देवदत्तला ओलांडलं आणि जाता जाता हात केला.

“बघ ना,” संपदा म्हणाली, “कशी पाण्यावरून गेल्यासारखी जाते.”

ती एवढंच म्हणाली. देवदत्तने सेफ्टी ऑफिसरला शोभेल अशा शांतपणे दोन्ही आरसे पाहिले, पट्टा तपासला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला काहीतरी चमकलं.

“काय होतं ते?”

“वीज.”

“ऑगस्टमध्ये? कुवेतमध्ये?”

पुढे सिग्नल आला होता. शैलेश तो पिवळ्यात पार करून गेला. देवदत्तच्या वाट्याला लाल आला आणि तो त्याने तसाच घेतला. पुन्हा वीज चमकली. त्यानंतर रस्ता तुंबला, म्हणून तो कडेच्या पट्ट्यावरून निघाला. तो पट्टा रुग्णवाहिकांसाठी आणि बंद पडलेल्या गाड्यांसाठी असतो. त्या दिवशी तिथे एक पोलीस उभा होता.

पोलिसाने लायसन्स घेतलं, गाडी ओढून न्यायला ट्रक बोलावला आणि दोघांना वांग्यांच्या पेट्यांसह रस्त्याकडेला उभं केलं. एवढ्यात मागून पांढरी गाडी हळूच येऊन थांबली. शैलेश मध्येच खजूर घ्यायला वळला होता. शर्यत चालू आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“दादा, काही इमर्जन्सी होती का?”

“होती.”

“काय झालं?”

“होती,” देवदत्त म्हणाला.

घरी येताना संपदा पुढे बसली, कारण मागच्या सीटवर पेट्या होत्या आणि पेट्यांवर कुणीतरी हात ठेवून बसणं आवश्यक होतं. तो कुणीतरी देवदत्त होता.

दुसऱ्या दिवसापासून देवदत्त कंपनीच्या बसने शुऐबाला जाऊ लागला आणि संपदा शैलेशच्या गाडीने हॉस्पिटलात. यात कुणी काही ठरवलं नव्हतं. एक हॉस्पिटल, एक शिफ्ट, एक इमारत. कुवेतमधली निम्मी नर्समंडळी अशाच कुणाच्या तरी गाडीने कामावर पोचतात. देवदत्तला हे मान्य होतं. मान्य नव्हतं ते संध्याकाळचं बोलणं.

“शैलेश म्हणत होता, कढीपत्ता फ्रीजरमध्ये टिकतो.”

“मीही हेच म्हणालो होतो. लग्न झालं त्या वर्षी.”

“हो का? मग तेव्हा पटेल असं नसशील म्हणाला.”

आणखी काही दिवसांनी शैलेश थर्मासमधून आलं घातलेला चहा आणतो हे कळलं. मग, मान अवघडते म्हणून त्याने पुढच्या सीटला छोटी उशी बांधल्याचं कळलं. देवदत्तने ऑफिसच्या पद्धतीने धोक्याचं मूल्यमापन केलं. शक्यता: रोज. तीव्रता: उशी. उपलब्ध संरक्षण: तो तिला वहिनी म्हणतो. पण ‘वहिनी’ हे हेल्मेटसारखं असतं. घातलं म्हणून अपघात टळत नाही, हे देवदत्त स्वतःच दर रविवारी सांगत असे.

गाडी सोडवून आणणं हा एकच उपाय होता. दंड भरून झाला, लायसन्सही परत मिळालं. पण मधल्या काळात विमा संपला होता, आणि विम्याशिवाय पोलिसांच्या यार्डातून गाडी सुटत नव्हती. विमा कंपन्या त्याचं नाव संगणकात टाकायच्या, स्क्रीनकडे बघायच्या, मग त्याच्याकडे बघायच्या. एका ठिकाणी तर मुलीने शेजारणीला बोलावून दाखवलं.

शेवटी राई नावाच्या गॅरेजांच्या भागात, टायरच्या शोरूमच्या माडीवर, नौमानचं ऑफिस सापडलं. नौमान रत्नागिरीकडचा. ज्यांना कुणी विमा देत नाही त्यांना तो द्यायचा आणि त्याबद्दल खुशीत असायचा.

“काय घाबरताव साहेब? माझ्याकडं तर उंटाला ठोकलेला माणूस येऊन गेला. तुमचा काम व्हईल. हाय-रिस्क सर्टिफिकेट काढू. फक्त एक जामीन हवा.”

“कसा?”

“ज्याचे नावावर एक पण मुखालफा नाय असा.”

मुखालफा म्हणजे वाहतूक-गुन्हा, आणि तो नसलेला माणूस शोधणं म्हणजे कुवेतमध्ये बर्फ शोधणं. देवदत्तने महाराष्ट्र मंडळाचे प्रभाकरकाका गाठले. काका म्हणाले, “माझ्या नावावर आहेत, पण सगळे तात्त्विक आहेत.” प्लँटमधला प्रत्येक सहकारी एकदा तरी सापडलेला होता. सगळ्या ओळखीपाळखीत एकच नाव स्वच्छ निघालं. देवदत्तने ते शेवटपर्यंत उच्चारलं नाही. संपदाने उच्चारलं.

“शैलेशला विचार ना. तो नाही म्हणणार नाही.”

“हाच तर त्याचा प्रॉब्लेम आहे.”

शैलेश नाही म्हणाला नाही. उलट “दादा, तुम्ही मला आपला मानलंत,” असं म्हणाला, आणि राईला जाताना देवदत्तलाही चहा दिला. चहा चांगला होता. देवदत्तने तो निषेध म्हणून अर्धाच प्यायला.

नौमानने दोघांना समोर बसवलं आणि संगणकावर माहिती भरायला घेतली.

“गाडी अशी का चालवली? कारण टाकल्याबगर पुढचा पान उघडत नाय. झोप, मोबाईल, आजारपण, का घरातला टेन्शन?”

“घरातलं टाका.”

“बायकोशी भांडलाव?”

“नाही. ती शेजारीच बसली होती. एक वाक्य बोलली.”

“काय बोलली?”

देवदत्तने छताकडे पाहिलं. “गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते, असं.”

“मग चांगलाच बोलली की. तुमची गाडी?”

खाली कुणीतरी टायर आपटला.

“माझी?” शैलेशने विचारलं. त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. “खरंच असं म्हणाल्या? मला कधी बोलल्या नाहीत वहिनी.”

“आता तू विचारू नकोस,” देवदत्त म्हणाला.

“नाही, विचारायचं कशाला. सर्व्हिसिंग परवाच केलंय, त्यांना आवडेल एवढंच आलं मनात.”

नौमानने एकदा देवदत्तकडे पाहिलं, एकदा शैलेशकडे पाहिलं, आणि न विचारता ‘आजारपण’ निवडलं.

प्रमाणपत्र छापून झालं. देवदत्तने सही केली, शैलेशने सही केली, शिक्का बसला. इथपर्यंत देवदत्त मनातल्या मनात संपदाला आपल्या गाडीतून हॉस्पिटलच्या दारात उतरवत होता. मग नौमानने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही शर्त ध्यानात ठेवा. तुमी गाडी चालवाल तेव्हा जामीन शेजारच्या सीटवर पायजे. नायतर विमा खलास.”

“नेहमी?”

“वर्षभर. पुढच्या वर्षी बघू, सुधारलाव तर.”

“आणि जामीन एकटा चालवू शकतो?” शैलेशने अत्यंत निरागसपणे विचारलं.

“तुमी कायपण चालवा. तुमचा रेकॉर्ड सोन्यासारखा हाय.”

गाडी सुटली. पहिल्या सकाळी देवदत्त स्टिअरिंगवर बसला, पुढे शेजारी जामीनदार, मागे संपदा. थर्मास पुढे होता, त्यामुळे चहा मागे पोचवताना जामीनदाराला दर सिग्नलला वळून बोलावं लागत होतं. देवदत्त इतक्या सावकाश चालवत होता की मागून एका पाण्याच्या टँकरने हॉर्न दिला.

“दादा, मस्त चालवताय,” शैलेश म्हणाला.

हॉस्पिटल आलं. शैलेश उतरला, संपदा उतरली, आणि दार लावता लावता शैलेश खिडकीत वाकला.

“दादा, पण आता तुम्ही शुऐबाला कसे जाणार?”

देवदत्तने प्रमाणपत्र काढून वाचलं. शेजारची सीट पाहिली. ती रिकामी होती. एकट्याने गाडी पार्किंगबाहेर काढायलासुद्धा त्याला परवानगी नव्हती. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली शैलेशच्या हातावर ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं तेव्हा ती दोघं कशावर तरी हसत आत जात होती. बहुधा कढीपत्ता.

तेव्हापासून हीच पद्धत पडली आहे. देवदत्त सकाळी बायकोला आणि शैलेशला हॉस्पिटलात सोडतो, तिथून बस पकडतो. संध्याकाळी शैलेश देवदत्तच्या गाडीतून, देवदत्तच्या पेट्रोलवर संपदाला घरी आणतो. पांढरी गाडी दिवसभर इमारतीच्या सावलीत उभी असते, आणि तिच्यावर आता धूळही बसत नाही, कारण शैलेशने तिला कव्हर घेतलंय.

“आपल्या गाडीचा एसी एवढा गार असतो, मला माहीतच नव्हतं,” संपदा परवा म्हणाली. “शैलेशने फिल्टर बदलला.”

देवदत्तने टीव्हीचा आवाज वाढवला नाही. तो आतल्या खोलीत गेला, लॅपटॉप उघडला आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला, प्रत वाहतूक खात्याला, पुढील मजकूर पाठवला:

‘महोदय, अर्जदार आपल्या दफ्तरी अतिधोकादायक चालक म्हणून नोंदलेला असून त्याबद्दल त्याची काही तक्रार नाही. तथापि प्रत्यक्ष अनुभवाअंती असे आढळते की, प्रस्तुत प्रकरणी खरा धोका चालकाच्या नव्हे, तर त्याच्या शेजारच्या सीटवर आहे. सबब विनंती की, जामीनदार श्री. शैलेश यांच्या नावे खात्याने स्वतःच्या अधिकारात किमान एक लाल सिग्नल तोडल्याची नोंद करावी, तो सिग्नल कुठला हे ठरवण्याची मुभा अर्जदारास असावी, त्याअन्वये श्री. शैलेश यांना अतिधोकादायक घोषित करावे, आणि त्यांचे जामीनदार म्हणून, वर्षभर त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसण्यासाठी, उशीसह, अर्जदाराची नेमणूक करावी.’