कुणाच्या पोटात कोण

उमरेडकरकाकांनी मला माझं नाव विचारलं ते ओळख झाल्याच्या चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी विचारलं ते वेगळंच. "तुमच्याकडं भूक लागली की पोटात कोण असते?"

मी अमरावतीहून येऊन नवा रायपूरमधल्या सरकारी कार्यालयात नुकताच रुजू झालो होतो. म्हटलं, "कोण असणार? कावळे ओरडतात."

"ते तर आपलेच," ते हिरमुसून म्हणाले. "मले वाटलं, तिकडं काही नवीन असंन."

काका आमच्या शाखेतले जुने लिपिक. जुन्या शहरातल्या शंकर नगरातून कर्मचाऱ्यांच्या बसनं यायचे. रस्ता इतका रुंद आणि इतका रिकामा की बसमध्ये बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसे, आणि काका शेजारी असले तर तोही आपल्याला करावा लागत नसे. नवा चेहरा दिसला की ते उठून त्याच्या शेजारी जात आणि थेट त्याच्या पोटाला हात घालत. मिळालेलं उत्तर लिहून घेत नसत, पाठ करत. अगदी तोच हेल येईपर्यंत.

शिपाई छत्तीसगढी होता. त्याच्या पोटात मुसवा, म्हणजे उंदीर, उड्या मारायचा. आंध्रातून आलेल्या अभियंत्याच्या पोटात उंदीर पळायचे. सर्वांत मोठा लाभ आमच्याच बसमधल्या घोषबाबूंकडून झाला. बंगाल्यांच्या पोटात म्हणे चिचुंद्री दंड काढते. काका आठवडाभर खूश होते.

"कावळा ओरडते, ते समजते," ते मला म्हणाले. "पण चिचुंद्री दंड मारून राहिली म्हणजे शिस्त पाहा."

ते बंगाली वाक्य त्यांनी घोषबाबूंकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं, की शेवटी घोषबाबू बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसू लागले.

एकदा मला चादरी घ्यायच्या होत्या म्हणून काका माझ्याबरोबर पंडरीच्या कापडबाजारात आले. दुकानदार गुजराती. चादरी बाजूला राहिल्या. त्यानं सांगितलं, "आमच्यात पोटात मांजरं बोलतात."

"मांजरं? मग उंदीर कुठी गेले?"

"वो सब हिंदीवालों के पेट में हैं, भैया," दुकानदार शांतपणे म्हणाला. काकांनी त्या आनंदात एक चादर स्वतःसाठीही घेतली.

एका बैठकीत दोन वाजून गेले तरी साहेब थांबेनात. कुणाची हिंमत होईना. काका उठले. "सर, या खोलीत कावळे आहेत, उंदीर आहेत अन् एक चिचुंद्री आहे. जास्त वेळ एका जागी ठेवणं बरं नाही." हे त्यांनी हिंदीत, पूर्ण अदबीनं सांगितलं. साहेब हसले नाहीत, पण फाईल मिटली.

मग एका आठवड्यात काका तीन दिवस आले नाहीत. एका कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून मला घरी पाठवलं. दार त्यांनीच उघडलं. खांद्यावर टॉवेल, हातात वरण-भाताची ताटली. खिडकीपाशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख करून घ्यावी असं काही त्या नजरेत नव्हतं.

"हिच्याजवळ बाई राहते दिवसा. ती गावाले गेली," काका म्हणाले. मग खुर्चीजवळ उकिडवे बसत त्यांनी सांगितलं, "विसरते आता. हिचे बाबा रेल्वेत होते. लहानपण बंगालात, खरगपुरात गेलं, मग विशाखापट्टणमले. कधी ह्या गावात असते, कधी त्या. तिथली बोली कानावर पडली तर हसते. हसली तर घास घेते. नाहीतर भूक लागली हेच तिले समजत नाही."

"आणि गुजराती काहून?" मी विचारलं.

"बदल्या कुठं कुठं झाल्या, मले तरी कुठी माहीत आहे? लग्नाआधीचं कधी विचारलंच नाही तिले."

त्यांनी घास पुढे केला आणि चिचुंद्रीचं वाक्य म्हटलं. घोषबाबूही फसले असते इतकं ते बंगाली होतं. काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तेलुगू झालं, मांजरं झाली, शेवटी आपले कावळे झाले. घास तसाच. भात गार होत होता, काकांनी तो बोटांनी पुन्हा कालवला.

मी सहीचं नंतर पाहू म्हणून निघायला लागलो, तर काकू माझ्याकडे वळल्या.

"इनको परोसा?" त्यांनी काकांना विचारलं.

ताटली काकूंच्या मांडीवर ठेवून काका लगबगीनं आत गेले आणि माझं ताट घेऊन आले. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांचं वरण होतं. माझा डबा मघाशीच झाला होता, पण मी जेवलो. मी एक घास घेतला की काकू एक घेत. स्वतःच्या हातानं, सावकाश. काका पळी घेऊन बाजूला उभे होते.

अर्धा भात संपल्यावर काकूंनी मान वर केली आणि काकांकडे नीट पाहिलं.

"तुमचं ताट कुठी आहे?"

हे मराठीत होतं.

"आणतो," काका म्हणाले आणि आत गेले. त्यांना यायला बराच वेळ लागला. तोवर काकू जेवल्या नाहीत, मीही नाही. आम्ही दोघं ताटात हात ठेवून त्यांची वाट पाहत बसलो.