मोईनचाचांना नुसतं ‘हाव’ चालत नसे

आमच्या गल्लीत मोईनचाचांना ‘हाव’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. लातुरात माणूस सकाळी डोळे उघडल्यापासून ‘हो’ला ‘हाव’ म्हणत असतो. चाचांना मात्र तो शब्द अजिबात खपत नसे. पाहुणे येऊन राहिलेत, उद्या अर्धा लिटर जास्त टाका, असं ते दूधवाल्या गणपतरावांना सांगायचे. गणपतराव ‘हाव’ म्हणून सायकलवर टांग टाकणार, तोच चाचांनी हँडल धरलेलं असायचं.

“हाव म्हणजे काय? ऐकलं, समजलं, का केलं?”

मग गणपतरावांना सगळं म्हणून दाखवावं लागे : उद्या सकाळी, अर्धा लिटर जास्त, म्हशीचं, मोईनुद्दीन यांच्याकडं. एक शब्द गळाला की पुन्हा पहिल्यापासून. या घरी दूध घालायचं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा आहे, असं गणपतराव मला म्हणायचे. पण चाचांचं दूध कधी चुकलं नाही. आमचं आठवड्यातून एकदा तरी चुकायचं.

आकड्यांवर तर त्यांचा फारच राग. एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे आकडे ज्यानं केले त्याला रेडिओवर बसवायला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. स्वतः ते ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ असं सुटं सुटं बोलायचे. किराणा दुकानदार आधी हसायचा, मग तोही तसंच बोलू लागला. भाचीच्या निकाहात काझींनी तीन वेळा ‘कबूल आहे का’ विचारलं, तेव्हा चाचा माझ्या कानाशी लागून म्हणाले की ही पद्धत ज्यानं पाडली तो खरा शहाणा माणूस.

चाचा एका मोठ्या शहराच्या विमानतळावर कंट्रोलर होते. म्हणजे उंच मनोऱ्यात बसून विमानांना वर जा, खाली या, थांबा, असं रेडिओवरून सांगणारे. पन्नाशीच्या आतच नोकरी सोडून ते लातूरला वडिलांच्या घरी राहायला आले. चाची आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. नोकरी का सोडली असं विचारलं तर म्हणत, आवाज बसला. आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या तोंडाशी बोलले तरी माझ्या गच्चीवर ऐकू यायचं. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी त्या गच्चीवर क्लास घ्यायचो.

त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं, की कंट्रोलरनं सांगितलेलं पायलटला शब्दन् शब्द परत म्हणावं लागतं, आणि कंट्रोलरला ते कान देऊन ऐकावं लागतं. “सांगणाऱ्याचं काम सांगून संपत न्हाई, मास्तर. समोरच्यानं काय ऐकलं, ते ऐकल्यावर संपतं.” मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, म्हातारपणाचा चाळा आहे, दुसरं काय.

मग भूकंप झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं औशाच्या मदत केंद्रावर गेलो. आम्हाला पाण्याचे कॅन उतरवायचं काम मिळालं. तिथं एका टेबलावर वायरलेसचा सेट होता, आणि गावोगावचे निरोप एक कारकून वहीत उतरवून घ्यायचा. चाचा कॅन ठेवायला जायचे आणि त्या टेबलापाशीच रेंगाळायचे. थोड्या वेळानं मला बाजूला घेऊन म्हणाले की इथं काहीतरी भलतंच होणार. बोलणारे लोक घाईत आहेत. वाक्य संपायच्या आधीच बोलायच्या बटणावरचा अंगठा उचलतात. आणि आपल्या भाषेत ‘नाही’ आणि ‘नको’ सगळ्यात शेवटी येतं.

दुपारी पाऊस लागला. तेवढ्यात एका गावाहून निरोप आला. तिथं इमारती तपासायला गेलेला इंजिनिअर बोलत होता. उघड्यावरची माणसं शाळेत ठेवू, एवढं ऐकू आलं, आणि पुढं नुसती खरखर. कारकुनानं लिहून घेतलं आणि माणसं शाळेत हलवा म्हणून त्या गावच्या तलाठ्याला कळवायला सेट हातात घेतला.

“परत विचारा,” चाचा म्हणाले.

कारकून तीन दिवस झोपला नव्हता. तो म्हणाला की निरोप स्पष्ट आहे, बाया-लेकरं पावसात भिजून राहिलीत, तुम्ही कॅन उचला. मागे उभे असलेले लोकही कुरकुरू लागले. खोटं कशाला सांगू, मलाही लाज वाटली. मी चाचांची बाही ओढली. ते हलले नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाले, “मी चुकलो तर सगळ्यांसमोर माफी मागीन. पण त्याला परत विचारा.”

इंजिनिअर तोवर दुसऱ्या वस्तीकडं निघून गेला होता. त्याला गाठायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात पाऊस वाढतच होता आणि चाचांकडं कुणी धड बघत नव्हतं. शेवटी सेट बोलला. इंजिनिअर वैतागलेला होता. “अहो, ठेवू नका म्हणालो मी. शाळेत माणसं ठेवू नका. मागची भिंत सुटलीय.”

कारकुनानं, कुणी न सांगता, सावकाश परत म्हटलं, “शाळेत माणसं ठेवू नका. मागची भिंत सुटलीय.”

त्या गावाला ताडपत्र्या गेल्या. दिवस मावळायच्या आत जमीन पुन्हा एकदा हलली. आमच्या टेबलावरचे कप नुसते वाजले. थोड्या वेळानं निरोप आला, की शाळेची मागची भिंत आत कोसळली, आत कुणी नव्हतं. कारकून उठला, त्यानं आपली खुर्ची चाचांना दिली आणि स्वतः उभा राहिला. रोज पोरांना अणू-रेणू शिकवणाऱ्या मला ‘नका’ या दोन अक्षरांचं वजन त्या दिवशी कळलं. गाडीत परत येताना मी चाचांकडं बघत होतो.

पुढच्या काही वर्षांत लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आमच्या गल्लीत घरोघरी भाड्याच्या खोल्या झाल्या. चाचांनीही वरचा मजला क्लासला आलेल्या मुलींना राहायला दिला. फोन खाली, चाचांच्या खोलीत. देवणी, रेणापूरकडचे आई-बाप त्यावर निरोप ठेवायचे आणि चाचा तो जसाच्या तसा पोचवायचे. मेडिकलच्या प्रवेशाचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी मी तिथं बसलो होतो. देवणीच्या सुनीताच्या वडिलांचा फोन आला. चाचांनी तिला खाली बोलावून निरोप सांगितला : नंबर न्हाई लागला तरी घरी ये.

ती खाली बघून ‘हाव’ म्हणाली.

“म्हणून दाखव, बेटा.”

ती ‘नंबर न्हाई लागला तरी’ इथपर्यंत आली आणि थांबली. चाचांनी पुढचा शब्द पुरवला नाही. ते थांबून राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “घरी ये.” आणि पायरीवर बसून रडली. चार दिवसांत ती पहिल्यांदा जेवली, ते त्या दुपारी.

ती वर गेल्यावर मी चाचांना पुन्हा विचारलं, की नोकरी खरंच का सोडली. या वेळी त्यांनी आवाज बसल्याचं सांगितलं नाही.

त्यांनी एका पायलटला एक उंची सांगितली होती. पायलटनं भलतीच उंची परत म्हणून दाखवली. अगदी स्पष्ट. “मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं, मास्तर. मी ‘बरोबर’ म्हणालो.” दोन विमानं ढगात एकमेकांच्या अगदी जवळून गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या विमानांतल्या माणसांना कधी काही कळलंच नाही.

ड्युटी दुसऱ्याकडं देऊन चाचा खाली उतरले, आणि त्यातलं एक विमान आल्यावर प्रवासी बाहेर पडतात त्या दारापाशी जाऊन उभे राहिले. एकेक माणूस बघत राहिले. कुणी घाईत होतं, कुणी सामानावरून भांडत होतं. सगळ्यांत शेवटी एक बाई आली, काखेत झोपलेलं लेकरू. तिनं रिक्षा कुठं मिळते ते विचारलं. चाचांनी तिची पिशवी घेतली आणि तिला रिक्षापर्यंत सोडलं.

“मी विचारलं तिला, प्रवास कसा झाला. म्हणाली, चांगला झाला, लेकरू सगळा वेळ झोपलं होतं.” चाचा खिडकीबाहेर बघत होते. “रिक्षा वळेपर्यंत मी उभा होतो. मग वर मनोऱ्यात जायला निघालो, तर पायऱ्या काही चढवेनात.”