गादीतल्या हवेवर पाळत

मी कुणावर उगाच संशय घेत नाही. आधी पाळत ठेवतो, मग घेतो. (जन्मभर गोदामाची राखण केली. सवय आहे.)

लेकीकडे थोडे दिवस राहायचं ठरवलं. जावयाने माझ्यासाठी हवेची गादी आणली. पंप फार ओरडतो आणि विहीणबाई दुपारी झोपतात, म्हणून तो गादी गच्चीवर उन्हात फुगवायचा आणि माझ्या खोलीत आणून टाकायचा. खोलीत एसी. आणली तेव्हा गादी टणक. संध्याकाळी टेकायला गेलो की बूड फरशीला.

एकदा ठीक. रोज?

मी ओळखलं. सासऱ्याला तोंडावर 'निघा' म्हणता येत नाही. त्याच्याखालची हवा मात्र काढता येते.

गोदामात आम्ही कुलपावर लाख ओतून शिक्का मारायचो. तसाच गादीच्या बुचावर मारला. संध्याकाळी पाहिलं. शिक्का शाबूत, हवा कमी. म्हणजे चोर घरातलाच, आणि वर हुशार.

"जावईबापू, हवा कोण सोडतं?"

"कुणी नाही, बाबा. उन्हात हवा तापलेली असते. गार खोलीत आली की आकसते."

"आकसायला हवा म्हणजे काय लोकरीचा स्वेटर आहे?"

"बाबा, शाळेत शिकवतात हे," लेक म्हणाली.

(शाळेचा विषय निघाला की मी पिशवी भरायला घेतो.) सदरे भरले, दाढीचं सामान भरलं. लेकीचे डोळे भरले.

"असे रुसून गेलात तर मी पुन्हा बोलावणार नाही हं!"

मी थांबलो. न्याय व्हायला हवा.

"गारव्यात आकसते ना? मग उन्हात फुगली पाहिजे. दाखवा!"

एसी लावून त्याच खोलीत मी स्वतः गादी फुगवली, पार ढोलासारखी. (विहीणबाई उठल्या. उठू देत.) बुचावर लाख ओतली, नेहमीपेक्षा जाड. गादी गच्चीवर नेली आणि वर मांडी घालून बसलो. कुणी चोरून हवा भरायला नको.

थोड्या वेळाने गादी कुरकुरली. मी उंच व्हायला लागलो. जावई हात मागे बांधून उभा होता. हात पुढे करायला लावले. रिकामे.

"बाबा, उतरा! बूच काढा आधी!"

"सील साक्षीदारासमोर तोडतात. विहीणबाईंना बोलवा."

"अहो, फुटेल ती!"

"मी उठावं हेच तुम्हाला हवंय, म्हणजे..."

धडाम!

मी पाण्याच्या टाकीपाशी आडवा. शेजारी शिक्का पडला होता, शाबूत. भोवती गादी नव्हती. जावई धावला. त्याने चष्मा शोधून दिला, धरून खाली नेलं आणि स्वतःच्या पलंगावर झोपवलं. डॉक्टर आले. त्यांनी कंबर दाबली, मी ओरडलो.

"निदान महिनाभर पलंग सोडायचा नाही," ते म्हणाले.

लेकीने डोळे पुसले आणि माझे सदरे कपाटात लावले. दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, पोराच्या पलंगाकडे पाहिलं. मग पोराला बाजूला घेऊन, मला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"मला पहिल्या दिवसापासून संशय होता. व्याह्यांना जायचंच नव्हतं."