रेक्सच्या दोन ओळी

वेस्ली ट्रेगेन्झाने गाडीच्या मागच्या काचेवर जुनी चादर लावायचं ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. एरवी हा माणूस काहीही ठरवायला आठवडा घेई. (बत्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेलं, त्या विषयात घाईचं असं काही नसतंच.)

गाडी तीन दिवसांपूर्वी उत्तरेहून परतली होती. सहाशे किलोमीटर कच्चा रस्ता, त्याच्या टोकाला गुरांचा फार्म, आणि फार्मवर बायको ग्लेनिसचा थोरला भाऊ रेक्स. त्याच्या फुफ्फुसांबद्दल डॉक्टरांनी बोलणंच सोडून दिलं होतं. निघताना वेस्ली टायरची हवा मोजत बसला होता, तेवढ्यात रेक्स काठी टेकत गाडीमागे गेला आणि लाल धुळीने भरलेल्या काचेवर बोटाने दोन ओळी लिहून आला. ग्लेनिसने त्या वाचल्या आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. वेस्लीने वाचल्या नाहीत. बहीण-भावांचं खाजगी असेल, असं त्याच्या मनाने घेतलं.

मंगळवारी फोन आला. रेक्स गेला होता. शुक्रवारी त्याला तिथेच मातीत ठेवणार होते, म्हणजे याच गाडीने, याच रस्त्याने पुन्हा जायचं. बुधवारी सकाळी ग्लेनिस धाकट्या बहिणीला कळवायला निघाली आणि दारात थबकली.

"गाडी नीट बघून ठेव, वेस. फक्त ती काच धुऊ नकोस. त्याच्या हातचं तेवढंच उरलंय."

वेस्लीला दडपण आलं. गाडी तपासायची तर पाणी लागणार, आणि पाण्याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून चादर. चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंदिस्त करून तो कामाला लागला.

एअर फिल्टर काढून जमिनीवर हलके आपटला, तर लाल तिखटाचा डबा उपडा व्हावा तसा ढीग पडला. रेडिएटरच्या जाळीतून गवताचं बी चिमट्याने एकेक वेचलं. मग पाइप घेऊन गाडीखाली शिरला. तिथून इतका चिखल वाहिला की बटाटे लावता आले असते. कुंपणावर कोपर टेकून ट्रेव्हर हॅनाफर्ड हे सगळं बघत होता. शेजारी, रेल्वेतला निवृत्त फिटर, आणि दुसऱ्याचं काम बघण्यात तरबेज.

शेवटी मागच्या दारावरचं जादा चाक उरलं. वेस्लीने पाणी मारलं ते चाकावरच, पण चाकावरून उडून ते कुठे जाईल याचा तर्क काही त्याने केला नाही.

"चादर भिजली बरं का तुझी," ट्रेव्हर म्हणाला.

काचेला ओल लागू नये म्हणून वेस्लीने चादर घाईघाईने ओढून काढली. (घाई त्याने आयुष्यात करून करून केली ती इथे.) चादर लालभडक झाली होती. काच मात्र अशी लखलखत होती, की तिच्यात त्याला स्वतःचं उघडं तोंड स्पष्ट दिसलं.

तो चिखलातच बसला. थोड्या वेळाने त्याने ट्रेव्हरला विचारलं, तू वाचलं होतंस का? वाचलं होतं. मग सांग की. ट्रेव्हरने नकारार्थी मान हलवली. "मला तुझ्या शेजारी अजून राहायचंय, बाबा."

वेस्लीने गाडी काढली, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर तीन चकरा मारल्या आणि काचेवर जमेल तेवढी धूळ जमवली. मग मरणाच्या दारातला भाऊ काय लिहील याचा शांतपणे विचार करून बोटाने लिहिलं: 'ग्लेनिस, स्वतःला जप. तुझा रेक्स.' अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. इतकं की त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

संध्याकाळी ग्लेनिस आली ती थेट गाडीमागे गेली. वेस्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून वाट बघत होता; शेवटी स्वतःच बाहेर आला.

"रेक्सने मला उभ्या जन्मात ग्लेनिस म्हटलं नाही," ती म्हणाली. "बुटकीच म्हणायचा."

त्याने सगळं कबूल केलं. चादर, चाक, चकरा. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली, आणि तोही दोन हात अंतर ठेवून बसला.

"काय लिहिलं होतं त्याने?" शेवटी त्याने विचारलं.

"खुशाल पुढे जा. हा म्हातारा दर दहा मैलांवर चाकांचे नट आवळायला थांबतो," तिने एका सुरात सांगितलं. मग दुसरी ओळ म्हटली. "पण बुटकीला घरी पोचवतो."

उत्तरेहून परतताना वाटेत प्रत्येक ट्रकवाला हात हलवून पुढे का गेला, ते वेस्लीला आत्ता कळलं. तो प्रत्येकाला माणुसकीने हात करत होता.

शुक्रवारी पहाटेच निघाले. दहा मैल झाले, वीस झाले. वेस्ली दात आवळून चालवत राहिला. खड्डे हाडांत जाणवत होते, पण थांबायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. तिसाव्या मैलाला ग्लेनिसने त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब, वेस. आवळ तुझे नट. त्याला तरी खोटं पाडू नकोस."

गाडी कडेला घेऊन तो उतरला, मागचं दार उघडलं, हत्यारांची पेटी उघडली, आणि तसाच उभा राहिला. नटांचा पाना घरी होता. बुधवारी तो त्याने साबणाने स्वच्छ धुतला होता आणि अंगणात उन्हात वाळत ठेवला होता.