मागची बाजू तात्यांची

आमचे तात्या बेल वाजवत नाहीत, खाकरतात. फाटकाच्या जागी एकदा, पायरीशी एकदा आणि दाराशी असं खाकरतात की शेजारच्यांचा कुत्रा उठून बसतो. बँकेत काउंटरपाशी खाकरतात. लिफ्टचं दार उघडायच्या आधी खाकरतात. एकदा तर मी त्यांना आमचा फ्रिज उघडण्याआधी खाकरताना पाहिलंय. "तात्या, आत कोण बसलंय?" असं विचारलं, तर म्हणाले, "सवय हे ती. तिला काय कळतं फ्रिज कोणता अन् खोली कोणती!"

तात्या म्हणजे माझे काका, वडलांचे धाकटे भाऊ. दोघं भाऊ मार्केट यार्डात हमाली करायचे. दोघांचे संसार नाशिकरोडच्या एका वस्तीत, पत्र्याच्या एकाच खोलीत, मध्ये साडीचा पडदा. न्हाणीघर नव्हतं. खोलीमागे चार बांबू रोवून त्यांना कांद्याच्या गोण्या बांधल्या होत्या. गोणीची वीण विरळ, म्हणून एकीवर दुसरी. आई आणि काकू उजाडायच्या आत न्हाऊन घ्यायच्या. वाऱ्यानं गोणी उडवली की त्या दिवशी अंघोळ राहिली. त्याच खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झाले, परीक्षा देऊन सरकारी कार्यालयात लेखा विभागात लागले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या दारावरच्या पाटीत नावापुढे बी.कॉम. लिहिलंय. लोक हसतात. हसू देत, ती पाटी मी त्यांच्यासाठी लावलेली नाही.

पाथर्डी फाट्याच्या पुढे प्लॉट घेतला, घर बांधलं. पुढे मोगरा, गुलाब, चार वांग्यांची रोपं. मागे धुण्याचा दगड आणि त्यापलीकडे मोकळा प्लॉट, ज्यातून सगळी कॉलनी मेन रोडला जायला पायवाट काढते. वडील हे घर बघायला राहिले नाहीत. आई माझ्याकडे आली. काकू गेल्यावर तात्यांनाही म्हटलं, या. ते काही आले नाहीत. जुन्या खोलीतच राहतात. सकाळी बसनं येतात, दिवसभर माझ्या घरातल्या चुका काढतात आणि संध्याकाळी परत जातात.

घराला सगळं होतं, कुंपण तेवढं नव्हतं. शेळ्या येत आणि मोगरा खात. गुलाब खात. वांग्यांची तर पानंसुद्धा काटे बघून नीट निवडून खात. मी ठरवलं, आता फोल्डिंग कंपाउंड घालायचं. म्हणजे खाचा असलेले सिमेंटचे खांब आणि त्या खाचांतून वरून सोडायच्या सिमेंटच्या प्लेटा. नाव फोल्डिंग, पण एकदा उभं राहिलं की कशाचीच घडी होत नाही.

बापू म्हणून मूळचा देवळ्याकडचा एक कंत्राटदार आहे, त्याला बोलावलं. त्यानं जागा फिरून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, माल माझा, माणसं माझी. तुम्ही फक्त चहा पाजा."

तेवढ्यात फाटकाच्या जागेवरून खाकरणं ऐकू आलं.

"कंत्राटदार कशाला?" तात्या आल्या आल्या सुरू झाले. "आपले हात काय भाड्यानं दिलेत? सोपं काम हे. खड्डा, खांब, सिमेंट. झालं."

"मग तुम्हीच करा की, तात्या," बापू टोमणा मारत म्हणाला. "मी नुसता माल टाकून जातो."

तात्यांनी टोमणा ऐकलाच नाही, करार ऐकला. "टाक. उद्याच टाक."

मी नको नको म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशी ट्रक दारात. तात्यांनी प्रत्येक प्लेट कलिंगडासारखी बोटानं वाजवून घेतली. ट्रकवाला वैतागून म्हणाला, "बाबा, गोड निघणार नाही ती." तरी दोन प्लेटा परत पाठवल्याच. आवाज बद्द येत होता म्हणे.

मग खड्डे सुरू झाले, आणि सुरू झाले ते घराच्या मागून. मी ऑफिसातून आले तर पुढे शेळ्या निवांत चरताहेत आणि तात्या मागे घामानं भिजलेत.

"तात्या, शेळ्या पुढून येतात!"

"येऊ दे."

"मागे काय आहे? एक दगड! तो शेळ्या खातात का?"

"बीकॉम, तू तुझे हिशेब बघ. मागची बाजू आधी. सोपं काम हे."

मला ते बीकॉम म्हणूनच हाक मारतात. लाडात असले की प्रेमानं, आणि एरवी सरकारी खात्याला शिवी दिल्यासारखं.

मी आईकडे दाद मागितली. आई भाजी निवडत म्हणाली, "भावजींना करू दे." आई एरवी कुणाच्याही बाजूनं बोलत नाही. आमच्या आईला एकच खोड, घरात टाइल्सचं बाथरूम आहे, गीझर आहे, तरी ती अजून उजाडायच्या आत न्हाऊन मोकळी होते. केस ओले ठेवून दिवसभर शिंकते. मी म्हणते, उन्हात बस जरा मागच्या दगडावर. ती म्हणते, बघू.

तात्यांचं काम चालूच. रोज एक खांब उभा राहायचा आणि रोज माझ्या मोगऱ्याची एक फांदी कमी व्हायची. सिमेंट कालवायला माझी पीठ मळायची परात गेली. ओळंबा म्हणून दोरीला आईचा अडकित्ता बांधला. शेवटी मागचे सगळे खांब उभे राहिले, सिमेंट वाळलं, तात्यांनी नारळ फोडला. मग आम्ही दोघांनी मिळून पहिली प्लेट उचलली, वर नेली, खाचेत सोडायला गेलो.

जाईना.

इकडून बसवली तर तिकडे दोन बोटं बाहेर. तिकडून बसवली तर इकडे. दुसऱ्या गाळ्यात नेली, तिथंही तेच. तात्यांनी खांबाच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत प्लेटेएवढं अंतर घेतलं होतं. खांबालाही जाडी असते, हे त्यांच्या सोप्या कामात बसलं नव्हतं.

"प्लेटाच मोठ्या पाठवल्या त्यानं," तात्या म्हणाले.

मी बापूला फोन लावला. त्यानं येऊन खांबांची ती सुंदर रांग पाहिली आणि तोंडावर रुमाल धरला. "तात्या, एक खांब रोवायचा, त्यात प्लेटा सोडायच्या, मग पुढचा खांब. असं एकेक करत जायचं असतं."

"मला माहीत हे," तात्या म्हणाले. "तुला माहीत हे का, ते बघत होतो."

मी तिथंच फैसला केला. पुढची बाजू आणि दोन्ही कडा बापूच्या. बापूची माणसं आली, चहा प्याली, आणि बघता बघता तीन बाजू सरळ रेषेत उभ्या करून मोकळी झाली. शेळ्या बाहेर उभ्या राहून आत बघायला लागल्या. इतका आनंद मला फक्त निकालाच्या दिवशी झाला असेल.

"बापू, आता मागचंही उरकून टाका," मी म्हटलं.

तात्या तेव्हा पहार घेऊन आपलेच खांब उकरत होते. ते उठले. खाकरले नाहीत. नेहमी आवाज चढवणारा माणूस एकदम हळू आवाजात बोलला, "मागच्या बाजूला कोणी हात लावायचा नाय."

"पण का, तात्या?"

"तुझी काकू जन्मभर म्हणत राहिली, मागं चार पत्रे ठोका. मी म्हणायचो, ठोकतो, सोपं काम हे. ती गेली, गोण्या तशाच." पहार पुन्हा मातीत घातली. "वहिनी हे अजून. तिच्यासाठी तरी माझ्या हातानं होऊ दे."

बापू पुढे जाऊन गाडीत बसला. जाताना मला एवढंच म्हणाला, "मॅडम, खांब सैल झाले तर फोन करा. तात्यांना सांगू नका."

तात्यांनी सगळे खांब उकरले आणि पुन्हा रोवले, या वेळी एकेक करत. माझी परात दुसऱ्यांदा गेली. माझ्या शिव्या, त्यांच्या शिव्या, सगळं झालं. शेवटची प्लेट बसली तेव्हा कुंपण मध्येच पोट सुटल्यासारखं बाहेर आलेलं होतं. तीन बाजू बापूच्या, ताठ. चौथी तात्यांची, लांबूनसुद्धा ओळखू येते.

पुढच्या रविवारी मी उशिरा उठले. चांगलं ऊन आलं होतं. मागून पाण्याचा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर आई भर उन्हात दगडावर बसून, शिकेकाई लावून, तांब्यानं सावकाश केस धूत होती. गुणगुणत होती. आईला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

कुंपणाच्या पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

मी टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. मोकळ्या प्लॉटात उपड्या घमेल्यावर तात्या बसले होते, कुंपणाकडे पाठ करून. पायवाटेनं कोणी स्कूटरवाला येत होता, त्याच्याकडे बघून ते खाकरत होते.

"आम्ही न्हायला बसलो की असेच बसायचे," आई मागून म्हणाली. "पाठ करून. कोणी आलं की खाकरायचे. तुझी काकू अन् मी हसायचो त्यांना."

मी म्हटलं, "तात्या, आता कुंपण आहे. पलीकडून काही दिसत नाही. या आत, चहा घ्या."

"माहीत हे," तात्या मागं न बघता म्हणाले. "मीच बांधलंय. तिचं होऊ दे निवांत."

आई चांगला तासभर न्हात होती. आमच्या घराला आता चारी बाजूंनी कुंपण आहे.