सुनावणी खुली आहे, आपण बाहेर बसा

चिमणीचा किडका दात दुखत होता. दंतवैद्याने शेजारचा धडधाकट उपटला. वर म्हणाला, "दुधाचाच तर होता!" किडका जागच्या जागी राहिला. पोर मऊ घाससुद्धा गालात धरून बसायला लागली. गावात दंतवैद्य दोनच. याची ही नेहमीचीच खोड आहे का, आणि दुसरा तरी बरा आहे का, एवढं कळावं म्हणून आईने दंतवैद्यांच्या परिषदेकडे तक्रार केली. परिषदेने खुली सुनावणी लावली.

"बोला," अधिकारी म्हणाले. "फक्त डॉक्टरांचं नाव घेऊ नका. गोपनीय असतं."

"अहो, नाव मीच दिलंय तुम्हाला!"

"दिलंत तेव्हा तुमचं होतं. आता परिषदेचं झालं. आम्हाला ते घ्यावं लागणार, तेवढा वेळ बाहेर बसा."

"माझ्याच सुनावणीत मी बाहेर?"

"खुली आहे ना, ताई! बाहेर कुणीही बसू शकतं."

दार लागलं. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडीवर पोर होती, म्हणून तिने दाराला लाथ घातली नाही. बाकावर असेच बाहेर काढलेले एक आजोबा आणि एक शिंपीणबाई बसल्या होत्या.

"तुमचा कुठला?" चिमणीने विचारलं. "आ करा!"

आजोबांनी आ केला. शिंपीणबाईंनीही केला.

"नाव घ्यायचं नाही म्हणे," शिंपीणबाई कुजबुजल्या. "पण माझा डॉक्टर दात उपटताना शीळ घालत होता."

"माझापण!" चिमणी ओरडली.

"माझा नाही बुवा," आजोबा म्हणाले. "माझा फोनवर बोलत होता. आधी चुकीचा काढला, मग फोन ठेवला."

म्हणजे दुसराही तसलाच! आईने चिमणीचा गाल पदराखाली घेतला. इतक्यात दार उघडलं.

"योग्य ती कारवाई झाली," अधिकारी म्हणाले.

"कुठली?"

"योग्य ती."

"साहेब, तुमची कारवाई घाला चुलीत! उद्या या लेकराला कुणाच्या खुर्चीत बसवू, तेवढं सांगा!"

"आ करा," चिमणी त्यांनाही म्हणाली.

सवयीने साहेबांचं तोंड उघडलं. दातांत डावीकडे एक खिडकी, उजवीकडे एक.

"अगं बाई! दोघांकडेही जाऊन आलात?"

साहेबांनी तोंड मिटलं. "गोपनीय आहे." मग मागे वळून दार ओढून घेतलं, चिमणीसमोर वाकले आणि हळूच म्हणाले, "बाळा, शेजारच्या गावी जा. बाजाराच्या मागे, पहिला मजला."

"तिथल्या डॉक्टरांचं नाव?" आईने विचारलं.

"नाव कसं सांगू? रांग दिसेल. निम्मी आमच्या परिषदेचीच असते."